भगवानदादांचा नाच : एक छोटासा अभ्यास

मंडळी, नाच-गाण्यांचे जुने सिनेमे म्हटलं की कोणती नावं आठवतात? इथल्या जर्मन शेजारच्या आजींना विचारलंत तर त्या मारिका रोक्क म्हणतील. इंग्रजी सिनेमे पाहणारे फ्रेड अस्टेअर आणि जीन केली यांची नावं घेतील. या यादीत आम्हाला आपलं एक मराठी नाव घालायचं आहे : भगवान आबाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान, म्हणजेच आपले भगवानदादा.

योगायोग पाहा, केलीचा 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस' आणि भगवानदादांचा 'अलबेला' हे दोन्ही १९५१ सालचे. केलीच्या सिनेमाच्या शेवटी तब्बल सतरा मिनिटांचं बॅले आहे. ते पाहून आपण थक्क होतो, पण उठून तसं नाचायला जात नाही. 'अलबेला'तलं गाणं लागलं की मात्र खुर्चीत बसलेले काकासुद्धा खांदे उडवू लागतात. असं का होतं, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

घडण कशी झाली?

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. वडील गिरणी कामगार. स्वतः भगवानदादांनीही मजुरीची कामं केली. सिनेमात ते आले मूकपटांच्या अखेरच्या काळात. पडद्यावर आवाजच नसताना अभिनय करायचा म्हणजे सगळं अंगानंच सांगावं लागे, हे पहिलं शिक्षण. दुसरं शिक्षण मारधाडपटांचं. १९३८ मध्ये 'बहादूर किसान'च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. पुढे त्यांनी कमी खर्चातले, गिरणगावातल्या प्रेक्षकाला आवडतील असे अनेक सिनेमे काढले. १९४१ मध्ये 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपटही केला. १९४२ मध्ये जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ. म्हणजे नट, दिग्दर्शक, निर्माता आणि स्टुडिओमालक, सगळं एकाच माणसात!

नाचाचं रीतसर शिक्षण या प्रवासात कुठे दिसत नाही. पण पडायचं कसं, तोल सांभाळायचा कसा आणि शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं कसं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

'अलबेला'

आता मारधाड पुरे, एखादा सामाजिक सिनेमा काढा, असा सल्ला राज कपूर यांनी दिला आणि त्यातून 'अलबेला' झाला, असं सांगतात. नायक प्यारेलाल गरीब घरातला, नाटकात नाव काढायचं स्वप्न पाहणारा. नायिका गीता बाली. संगीत पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर यांचं. १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून भगवानदादांशी त्यांची जोडी होती. 'शोला जो भडके'मध्ये त्यांनी बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आणले. नायकासाठी 'चितळकर' या नावानं ते स्वतःच गायले, सोबत लताबाई. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांचे सहायक. मुंबईच्या हॉटेलांतला जॅझ असा आपल्या सिनेमात शिरला. म्हणजे ठेका परदेशी, वाजवणारे गोव्याचे आणि नाचणारा गिरणगावचा!

पावलं नीट पाहूया

आता गाणं लावा आणि आवाज बंद करून पाहा. पहिली गोष्ट, पावलं अगदी लहान. गुडघे किंचित वाकलेले, वजन या पायावरून त्या पायावर, बस्स. दुसरी, हात कोपरात वाकलेले आणि सैल. तिसरी, खरा ठेका खांद्यांत आणि मानेत. चौथी, चेहरा. आपण फार भारी काहीतरी करतो आहोत असा आव त्यावर नाही, नुसता आनंद आहे. शेजारी गीता बाली चपळ. त्यामुळे त्यांचा संथपणा खुलून दिसतो.

अस्टेअरचा आग्रह असे की नाचताना कॅमेऱ्यानं डोक्यापासून पायापर्यंत सगळा माणूस दाखवावा. भगवानदादांचा नाच मात्र अर्धाच माणूस दिसला तरी कळतो! जाड बांध्याच्या माणसानं आपल्या अंगाला शोभेल आणि कुणालाही जमेल असा नाच बेतला. आमच्या मते हे सोपं काम नाही. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये गोपीकृष्ण यांचं कथक आहे आणि छोट्या भूमिकेत भगवानदादाही आहेत. पहिल्याला दाद द्यायची, दुसऱ्याबरोबर नाचायचं. समाजाला दोन्ही लागतात.

उतार

'झमेला' (१९५३) आणि 'लाबेला' (१९६६) यांना 'अलबेला'चं यश मिळालं नाही. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात मोटारी होत्या असं सांगतात. ते सगळं गेलं, स्टुडिओही गेला. दादरच्या चाळीत राहून, मिळतील त्या छोट्या भूमिका करत त्यांनी पुढची वर्षं काढली. अमिताभ बच्चन यांच्या नाचातली ढब त्यांच्यावरून आली असं सगळेच मानतात. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर थांबायची, त्यांचं गाणं वाजायचं आणि दादा खाली येऊन नाचायचे, अशी आठवणही सांगितली जाते. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले. २०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले, तर विद्या बालन गीता बाली.

मग धडा काय?

गाण्याला मालक असतो. भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का केला. पण खांदा उडवण्याच्या एका ढबीवर कुणाचा शिक्का मारणार? जो नाच सगळ्यांचा झाला, त्याचे पैसे नाचणाऱ्याला मिळत नाहीत. आणि नाचणाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याचं शरीर, ते तर थकणारच.

आपण राहतो त्या जर्मनीत १९८३ पासून 'क्युन्स्टलरसोत्सियालकासे' आहे. स्वतंत्र काम करणारा कलाकार पेन्शन-विम्याचा साधारण निम्मा हप्ता स्वतः भरतो. उरलेला कलाकारांकडून काम घेणारे व्यवसाय आणि सरकार मिळून भरतात. कलेचा फायदा घेणाऱ्यानंही कलाकाराच्या म्हातारपणाचा भार उचलावा, हा साधा हिशोब त्यामागे आहे. महाराष्ट्रातही वृद्ध कलावंतांसाठी सरकारी मानधन योजना आहे. पण तमाशा, बँड, कोरस, मागच्या रांगेतले नाचणारे, अशा किती जणांचं नाव कुठल्या कागदावर असतं?

म्हणून दोन छोट्या विनंत्या. कार्यक्रमाला कलाकार बोलवाल तेव्हा 'हौसेनं करतात हो' म्हणून मानधन टाळू नका, तबलजी आणि नाच बसवणाऱ्या ताईंचंसुद्धा. आणि हॅम्बर्गमध्ये गणपतीसमोर मुलं खांदे उडवत नाचतील तेव्हा हे पाऊल कुणाचं, ते त्यांना सांगा. जर्मनमध्ये सांगितलंत तरी चालेल, नाव मात्र मराठीतच सांगा : भगवानदादा.