नुसत्या कड्यावरून निदान नको

चि. केदार,

तुला रेडिओलॉजी मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. मधे पोकळी आणि भोवती कॉन्ट्रास्टने उजळलेलं कडं, असा मेंदूचा एमआरआय तुझ्यापुढे लवकरच येईल. तेव्हासाठी हे पत्र जपून ठेव.

असं कडं गळवाला असतं, ग्लायोब्लास्टोमाला असतं, दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरला असतं, क्षयाच्या गाठीला असतं आणि टेपवर्मच्या अळीलाही असतं. उपचार मात्र निराळे. गळवातला पू काढून अँटिबायोटिक द्यायची. ग्लायोब्लास्टोमाला शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. म्हणून कड्यावर थांबू नकोस. आत काय साठलंय ते बघ.

त्यासाठी डिफ्यूजन हवंच. पू दाट, पेशींनी भरलेला. त्यात पाण्याच्या रेणूंना हलायला वाव नसतो. त्यामुळे गळवाचा गाभा डिफ्यूजनवर पांढराशुभ्र आणि एडीसीवर काळा दिसतो. ट्यूमरचा मृत गाभा सहसा पातळ, म्हणून एडीसीवर उजळ. दोन्ही चित्रं शेजारी लावूनच वाच, कारण टी-टूची चमक डिफ्यूजनवरही उतरते आणि फसवते. रक्तस्राव झालेला ट्यूमर गळवासारखा दिसू शकतो. उलट टॉक्सोप्लाझ्माच्या संसर्गात गाभा बऱ्याचदा पांढरा दिसतच नाही.

शंका उरली तर परफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी कर. जोमाने वाढणाऱ्या ट्यूमरच्या कड्यात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं, गळवाच्या कड्यात कमी. पोकळीत ०.९ पीपीएमला अमिनो आम्लांचं शिखर दिसलं, तर कौल पुवाकडे; कड्यात ३.२ ला कोलीन चढलेलं असेल, तर ट्यूमरकडे.

अळीची पोकळी बहुधा २ सेंटिमीटरपेक्षा लहान. फ्लेअरवर आत ठिपक्याएवढं डोकं सापडलं की वाद मिटला.

कडं नसलेल्या पोकळ्यांतही जोडी असते. अरॅक्नॉइड सिस्ट आणि एपिडर्मॉइड, टी-वन व टी-टूवर दोन्ही जवळपास पाण्यासारख्या. फ्लेअरवर अरॅक्नॉइड पूर्ण काळी पडते. एपिडर्मॉइड तशी पडत नाही आणि डिफ्यूजनवर लख्ख उजळते.

पेशंटची हकीकत विचारल्याशिवाय रिपोर्ट लिहू नकोस. टेम्पोरल लोबमध्ये कडं दिसलं तर कान वाहतो का विचार, त्याच स्कॅनवर मास्टॉइड बघ. खात्री नसेल तिथे दोन शक्यता क्रमाने, कारणांसह लिही. आणि गळवाचा संशय असेल तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता सर्जनला फोन कर. गळू व्हेंट्रिकलमध्ये फुटलं तर जिवावर बेततं.

तुझी,
मावशी