कुंभारीण माशी : मातीचे काम, अळ्यांचे नियंत्रण

गोठ्याची भिंत, पंपघराची वळचण किंवा दाराची चौकट येथे चिकटलेले मातीचे लहानसे घरटे बहुतेकदा खरवडून टाकले जाते. ते कुंभारीण माशीचे असल्यास त्यासोबत पिकावरील अळ्या टिपणारी एक पिढीही नष्ट होते.

कुंभारीण ही गांधीलमाशीच्या व्हेस्पिडी कुळातील असून भारतात तिच्या डेल्टा व युमेनिस या प्रजातींतील जाती आढळतात. ती वसाहत करून राहत नाही. घरट्याचे सर्व काम एकटी मादीच करते.

मातीचे काम

मादी पोटात पाणी भरून आणते, कोरडी माती त्याने भिजवते आणि जबड्यांनी गाऱ्याची लहान गोळी तयार करते. ही गोळी ताणून पट्टीसारखी लावत खोलीची भिंत उभारली जाते. एका खोलीसाठी अशा अनेक फेऱ्या लागतात. बांधकाम सुरू असताना खोलीच्या तोंडाला मडक्यासारखा बाहेर वळलेला काठ दिसतो. डेल्टा प्रजातीच्या माश्या शेजारीशेजारी अनेक खोल्या बांधतात व त्यांवर मातीचा गिलावा देतात.

अळ्यांचा साठा

रिकाम्या खोलीत मादी बारीक धाग्याने एक अंडे टांगते. त्यानंतर अळ्यांना दंश करून त्या बधिर करते व आत भरते. अळ्या जिवंत राहिल्याने लवकर कुजत नाहीत. शेवटी तोंड मातीने बंद होते. खोलीत अळी जाते आणि माशी बाहेर येते, हे पाहूनच अळीचे भृंगीत रूपांतर होते ही कीटभृंगन्यायाची कल्पना रूढ झाली. निरीक्षण अचूक होते. प्रत्यक्षात मात्र अळी हे माशीच्या पिल्लाचे अन्न असते.

कामाचा आवाका

एका खोलीत किती अळ्या मावतील हे त्यांच्या आकारावर अवलंबून असते. उदाहरणादाखल, प्रत्येकी 6 अळ्या असलेल्या 5 खोल्यांचे घरटे म्हणजे पिकावरून उचललेल्या 30 अळ्या. तुरीवरील घाटेअळीच्या भक्षकांत डेल्टा प्रजातीच्या माश्यांची नोंद झालेली आहे. तथापि घाटेअळीची एक मादी शेकडो अंडी घालते. म्हणून कुंभारीण ही एकात्मिक कीड व्यवस्थापनाची पूरक आहे, पर्याय नव्हे.

ओळखीतील फरक

सेलिफ्रॉन प्रजातीची माशीही मातीचे घरटे बांधते. परंतु ती पाणवठ्यालगतचा तयार चिखल उचलते आणि घरट्यात कोळी साठवते. अळ्यांच्या नियंत्रणासाठी तिची गणना करू नये.

शिफारशी

• वावरात अडथळा नसल्यास घरटी काढू नयेत. ही माशी सहसा घरट्याच्या रक्षणासाठी हल्ला करीत नाही. मात्र हाताळल्यास मादी दंश करू शकते.
• भिंतीला गोल छिद्र असलेली खोली रिकामी झालेली असते. रंगकाम किंवा स्वच्छता करताना केवळ अशीच घरटी काढावीत.
• प्रौढ माश्या मकरंदावर जगतात. बांधावर फुलणाऱ्या वनस्पती राखाव्यात.
• किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय फवारणी करू नये. गरज भासल्यास मित्रकीटकांना कमी घातक कीटकनाशक निवडावे.
• विस्तार कार्यकर्त्यांनी शेतीशाळेत बंद व रिकाम्या खोल्यांची मोजणी करून घ्यावी. माश्यांचा वावर वाढतो की घटतो, हे शेतकऱ्यांना स्वतः पडताळता येईल.