चार मिनिटांच्या आत एक मैल



मी आज रॉजर बॅनिस्टर या धावपटूची माहिती देणार आहे.

त्यांचा जन्म २३ मार्च १९२९ रोजी इंग्लंडमधील हॅरो या गावी झाला. ते डॉक्टरकीचा अभ्यास करीत आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत पळण्याचा सराव करीत. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत त्यांचा चौथा नंबर आला, त्यामुळे पदक हुकले. त्यांना फार वाईट वाटले. पळणे सोडून द्यावे असेही मनात आले, पण सोडले नाही.

तेव्हा एक मैल चार मिनिटांच्या आत कोणीच पळाले नव्हते. पुष्कळ लोक म्हणत, हे माणसाला जमणारच नाही. एक मैल म्हणजे १६०९ मीटर आणि चार मिनिटे म्हणजे २४० सेकंद. १६०९ ला २४० ने भागले की ६ येतात आणि बाकी १६९ उरते. म्हणजे दर सेकंदाला सहा मीटरपेक्षा जास्त पळायचे, तेही न थांबता! व्हरांड्यात सहा मीटर मोजून बघा, मग कळेल.

६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला शर्यत होती. सकाळी बॅनिस्टर दवाखान्यात काम करून मग आगगाडीने गेले. वारा जोराचा होता. पळावे की नाही ते ठरेना. शेवटी वारा जरा कमी झाला.

मैदानाला चार फेऱ्या होत्या. आधी त्यांचे मित्र ब्रॅशर पुढे राहिले, मग दुसरे मित्र चॅटावे. तीन फेऱ्यांना तीन मिनिटांहून थोडा जास्तच वेळ लागला. आता काय होणार? शेवटच्या फेरीत बॅनिस्टर चॅटावेंच्या पुढे गेले आणि दोरीपाशी पोचताच कोसळले. निवेदकाने "तीन" म्हटल्याबरोबर लोकांनी एवढा जल्लोष केला की पुढचे ऐकूच आले नाही. वेळ होती ३ मिनिटे ५९.४ सेकंद!

४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडी यांनी हा विक्रम मोडला. ऑगस्टमध्ये कॅनडात दोघांची शर्यत झाली. लँडी पुढे होते. त्यांनी डावीकडे मागे वळून पाहिले, तेवढ्यात बॅनिस्टर उजवीकडून पुढे गेले आणि जिंकले.

त्याच वर्षी त्यांनी शर्यती सोडल्या व ते मेंदूच्या रोगांचे मोठे डॉक्टर झाले. १९७५ साली त्यांना 'सर' पदवी मिळाली. ३ मार्च २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

खेळलं की अभ्यास बुडतो, असं घरी म्हणतात. पण बॅनिस्टर यांनी दोन्ही केले. म्हणून आपणही रोज अभ्यास करावा आणि रोज पळावे.