पालकांचा आग्रह आणि बालकांचा आहार : मोजमापाची एक रीत

‘मूल जेवत नाही’ ही बालरोग विभागात येणाऱ्या पालकांची नित्याची तक्रार होय. मुलाचे वजन काट्यावर कळते, वाढ तक्त्यावर दिसते. परंतु जेवू घालणाऱ्याच्या वर्तनाची नोंद कशी घ्यावी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्या माहितीसाठी त्याविषयी येथे थोडे विवेचन करीत आहोत.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधिका लिअ‍ॅन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याकरिता एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. सुमारे २ ते ११ वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांसाठी असलेल्या या प्रश्नावलीत ३१ प्रश्न असून ते ७ घटकांत विभागले आहेत. त्यांपैकी आग्रह, निर्बंध व देखरेख हे ३ घटक पालकांच्या वागण्याशी निगडित आहेत. प्रत्येक उत्तरास १ ते ५ गुण देऊन घटकवार सरासरी काढतात. आग्रहाविषयी ४ प्रश्न आहेत. समजा, एखाद्या मातेस त्यांत ५, ४, ४ व ३ गुण मिळाले, तर बेरीज १६ व सरासरी ४. म्हणजे आग्रह बराच अधिक.

मात्र हा आकडा म्हणजे पालकत्वाचा निकाल नव्हे. आग्रहामुळे मूल कमी जेवते, की मूल कृश असल्यामुळे आग्रह वाढतो, हे केवळ प्रश्नावलीवरून ठरत नाही. शिवाय उत्तरे देणारे पालकच असतात. म्हणून निरीक्षण व प्रयोग यांची जोड आवश्यक ठरते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या व बर्च यांचाही सहभाग असलेल्या एका प्रयोगात, सूप संपविण्याचा वारंवार आग्रह केला असता लहान मुलांनी ते कमी घेतले व नापसंतीही अधिक दर्शविली. आग्रह नसताना त्याच मुलांनी अधिक सूप घेतले.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सुचविलेली विभागणी येथे मार्गदर्शक ठरते : काय, केव्हा व कोठे वाढावे हे पालकांनी ठरवावे, खावे की नाही व किती खावे, हे मुलावर सोपवावे. मुलाचे वजन घटत असल्यास अथवा ते आजारी असल्यास वैद्यकीय सल्ला अर्थातच प्रथम घ्यावा.

मुलाने काय खाल्ले, याबरोबरच आपण किती वेळा ‘आणखी एक घास’ म्हणालो, हेही पालकांनी आठवडाभर वहीत लिहावे आणि तपासणीस येताना ती वही सोबत आणावी, अशी आमची नम्र विनंती आहे.