गिऱ्हाईक कोणत्या दुकानात जाते आणि का?

गावात मोठे सुपरमार्केट उघडले की छोट्या दुकानदाराच्या मनात पहिला विचार येतो तो भाव उतरविण्याचा. आमच्या घरीही तेच झाले. तालुक्याच्या गावी अब्बांचे किराणा दुकान होते. हमरस्त्यावर एक मोठे दुकान सुरू झाले आणि पंधरा दिवसांत आमचा गल्ला कमी होऊ लागला. तेव्हा आम्ही साबण, चहा, तेल, साखर, बिस्किटे अशा सगळ्याच मालावर थोडी थोडी सूट लावली. तीन महिन्यांनी हिशोब पाहिला. जे गिऱ्हाईक गेले होते ते परत आले नव्हते, आणि जे कधी जाणारच नव्हते त्यांना आम्ही विनाकारण सूट देऊन बसलो होतो.

ही चूक अनेक दुकानदार बांधव आजही करीत आहेत, म्हणून तिची फोड करून सांगण्याचा हा प्रयत्न आहे. गिऱ्हाईक कोणते दुकान निवडते हे भावाच्या पाटीवर ठरत नाही. ते त्याच्या हातातील यादी किती लांब आहे यावर ठरते.

गिऱ्हाइकाचे दोन खर्च

डेव्हिड बेल, टेक-हुआ हो आणि ख्रिस्तोफर टँग या तीन अभ्यासकांनी १९९८ साली अमेरिकेतील किराणा खरेदीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा सारांश साधा आहे. खरेदीला निघालेल्या माणसाचे दोन खर्च असतात. एक ठरीव खर्च: दुकानापर्यंत जाणे, येणे, त्यात मोडणारा वेळ, अनोळखी दुकानाचा संकोच. हा खर्च एक वस्तू घ्या की पन्नास, तेवढाच राहतो. दुसरा खर्च यादीप्रमाणे वाढणारा, म्हणजे मालाची किंमत. गिऱ्हाईक या दोहोंची बेरीज पाहते.

आपल्या हिशोबाने मांडू. समजा, मोठ्या दुकानात जाण्या-येण्याला रिक्षाचे ८० रुपये लागतात आणि तेथील माल आपल्यापेक्षा सरासरी ७ टक्के स्वस्त आहे. ५०० रुपयांची खरेदी केली तर वाचले ३५ रुपये, म्हणजे गिऱ्हाईक ४५ रुपयांनी बुडाले. तेच ४,००० रुपयांची खरेदी केली तर वाचले २८०, भाडे वजा जाता २०० रुपये पदरात पडले. दोन्ही बाजू सारख्या होतात त्या सुमारे १,१४० रुपयांवर. यादी त्याच्या खाली असेल तर कोपऱ्यावरचे दुकान स्वस्त, वर असेल तर मोठे दुकान स्वस्त. ज्याच्याकडे स्कूटर आहे आणि पेट्रोलला ३० रुपयेच लागतात त्याच्यासाठी हीच रेषा ४३० रुपयांच्या आसपास उतरते. रोजंदारीवर जगणारा, संध्याकाळी हाती आलेल्या पैशातून पावशेर तेल आणि अर्धा किलो तांदूळ नेणारा माणूस या रेषेपर्यंत कधी पोहोचतच नाही. (सुटा माल घेणाऱ्या या माणसाला किलोमागे सगळ्यांत जास्त भाव पडतो, ही गोष्ट तराजू हाती असणाऱ्याने विसरू नये.)

गिऱ्हाईक कागद-पेन्सिल घेऊन हा हिशोब करीत नाही, पण त्याचा अंदाज सहसा बरोबर असतो. म्हणूनच एकच भाभी महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्या दुकानातून पिशव्या भरून आणते आणि मंगळवारी आपल्याकडे अंडी, दही आणि काडेपेटी घ्यायला येते. ती आपल्याला सोडून गेली असे आपण म्हणतो. ती कोठेही गेली नाही, फक्त तिची महिन्याची यादी गेली.

त्याच वर्षी बेल यांनी जेम्स लॅटिन यांच्याबरोबर दुसरी एक गोष्ट दाखविली. मोठी यादी नेणारा माणूस एखाद्या वस्तूच्या सवलतीला भुलत नाही. तो संपूर्ण यादीची बेरीज पाहतो आणि जेथे सर्वच माल कायम थोडा स्वस्त असतो असे दुकान पसंत करतो. आपल्याकडे डी-मार्टने नेमके हेच धरले. २००२ साली पवईला त्याचे पहिले दुकान निघाले. जागा शक्य तेथे स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते आणि त्याबदल्यात खरेदीचा भाव कमी, सजावटीवर खर्च बेताचा. छोट्या दुकानदाराने पाकीटबंद मालात याच्याशी भावाची कुस्ती खेळू नये. आपण ज्या भावाने घाऊक बाजारातून आणतो, त्याच्या आसपास तो विकतो.

भाव किती जणांच्या लक्षात राहतो?

१९९० साली पीटर डिक्सन आणि ॲलन सॉयर यांनी अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये एक पाहणी केली. वस्तू टोपलीत टाकणाऱ्या माणसाला तेथल्या तेथे विचारले, तुम्ही आता उचललेल्या वस्तूचा भाव काय? निम्म्याहून कमी लोकांना अचूक सांगता आला.

आपल्याकडील गृहिणी याहून जागरूक आहेत हे मी मान्य करतो, पण त्यांच्याही डोक्यात पाच-सात भावच पक्के असतात: साखर, गोडेतेल, तूरडाळ, रोजचा तांदूळ, चहा, कपड्यांचा साबण. दुकान महाग की स्वस्त, हा निकाल त्यावरच लागतो. हिंग, खसखस, झाडू किंवा मेणबत्तीच्या भावावरून कोणी दुकान बदलत नाही. तेव्हा सूट द्यायची तर या पाच-सात वस्तूंवर, आणि भाव खडूने फळीवर लिहून. आम्ही पन्नास वस्तूंवर दोन-दोन रुपये सोडले ते कोणाच्या ध्यानातही आले नाहीत.

क्लब मुळात कोणासाठी निघाला?

अमेरिकेत दुकानांचा तिसरा प्रकार आहे, गोदामवजा क्लब. तेथे वर्षाची फी भरून सभासद झाल्याशिवाय खरेदी करता येत नाही. त्याची हकीकत आपल्या व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलावा ही पद्धत क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ साली मेम्फिस शहरात सुरू केली. त्यापूर्वी तेथेही नोकर फळीमागून माल काढून देत असे. १९३० साली मायकेल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका रिकाम्या गॅरेजमध्ये मोठे स्वस्त दुकान काढले, आणि सुपरमार्केटची चाल पडली. नोकराचे काम गिऱ्हाइकाने अंगावर घेतले आणि भाव उतरला.

१९७६ साली सोल प्राइस आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट यांनी सॅन दिएगो येथे विमानाच्या जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब काढला. तो घरगुती गिऱ्हाइकांसाठी नव्हताच. छोटे दुकानदार, उपाहारगृहवाले, कारागीर यांनी वर्षाला २५ डॉलर भरून सभासद व्हावे आणि बड्या साखळ्यांना मिळतो तसा भाव त्यांनाही मिळावा, ही मूळ कल्पना होती. पहिल्या वर्षी साडेसात लाख डॉलर तोटा आला. मग सरकारी नोकर, बँकेचे कर्मचारी अशांना सभासदत्व खुले केले आणि धंदा चालला. प्राइस यांच्या हाताखाली तयार झालेले जिम सिनेगल यांनी १९८३ साली सिएटलला कॉस्टको काढले. १९९३ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या.

या क्लबात सुमारे चार हजार वस्तू असतात. अमेरिकेतील साध्या सुपरमार्केटमध्ये तीस हजारांच्या आसपास असतात. वस्तू थोड्या, पण प्रत्येकीची खरेदी प्रचंड, आणि नफा खरेदीच्या भावावर १४-१५ टक्क्यांच्या वर घ्यायचा नाही हा नियम. मग कमाई कोठून? फीमधून. २०२४ साली कॉस्टकोला फीपोटी ४८० कोटी डॉलरच्या वर मिळाले. त्या वर्षीच्या कामकाजातील नफ्याच्या निम्म्याहून ते अधिक होते. साधी फी त्याच वर्षी ६५ डॉलर झाली. अमेरिका-कॅनडात दहापैकी नऊ सभासद ती दरवर्षी पुन्हा भरतात.

फी हा वर सांगितलेला ठरीव खर्चच आहे, फक्त तो एकदम आणि आधी घेतला. एकदा पैसे भरले की माणूस ते वसूल करण्यासाठी पुनःपुन्हा तेथेच जातो. पण पोतेभर तांदूळ घ्यायला मोटार हवी, घरात जागा हवी, मोठे फ्रीज हवे आणि एकरकमी रोकड हवी. दोन खोल्यांच्या घरात हे जमत नाही. फी घेऊन घरगुती गिऱ्हाइकाला माल देणारे असे क्लब आपल्याकडे रुजले नाहीत, त्याचे कारण मला यातच दिसते.

छोट्या दुकानदाराला ठोक माल देणारी गोदामे मात्र आली. २००३ साली जर्मनीच्या मेट्रो कंपनीने बंगळूरला पहिले काढले, तेथे फक्त धंदेवाइकांना कार्ड मिळे. पुढे मुंबईतही ती निघाली आणि २०२३ साली रिलायन्सने तो कारभार विकत घेतला.

आम्ही पुढे काय केले

सूट बंद करून अब्बांनी खातेवही काढली आणि गिऱ्हाइकांचे दोन भाग केले: यादी घेऊन येणारे आणि मुठीत नोट घेऊन येणारे. पगारदार घरांची महिन्याची यादी परत मिळविण्याचा नाद त्यांनी सोडला. माझा त्याला विरोध होता. आज वाटते, त्यांचेच बरोबर होते.

शॅम्पूचे चौदा प्रकार होते, ते चार केले. मोकळ्या झालेल्या फळ्यांवर सुटे मसाले आले. मागच्या खोलीत चक्की बसविली आणि हळद-मिरची गिऱ्हाइकासमोर दळून देऊ लागलो. दुकान फजरच्या नमाजनंतर लगेच उघडू लागले, कारण दूध, पाव आणि चहाची पुडी लागते ती त्याच वेळी. रमजानमध्ये सहरीच्या आधी तासभर अर्धे शटर वर असे. खालाजान वरच्या मजल्यावरून दोरीला टोपली सोडत, तिच्यात आम्ही माल ठेवत असू. मोठ्या दुकानाला हे करता येत नाही. उधारी मात्र अब्बांनी आखडती घेतली: पगाराची तारीख ठाऊक असलेल्या घरांनाच आणि मर्यादा लिहून. उधारीवर जादा पैसा लावला नाही, पण विसरलेल्या उधारीने दुकान बसते हे त्यांनी पाहिले होते.

आता मोठ्या शहरांत मोबाईलवर मागणी घेऊन दहा-पंधरा मिनिटांत माल पोहोचविणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. डी-मार्टने महिन्याची यादी नेली होती, यांनी मधल्या दिवसांची खरेदी धरली आहे. गिऱ्हाइकाचा ठरीव खर्चच त्यांनी जवळजवळ पुसून टाकला. म्हणून शहरातल्या दुकानदाराने फोनवर मागणी घेऊन घरपोच देण्याला कमीपणा मानू नये. थोड्या मालावर त्या कंपन्या बहुधा पोहोच आकार लावतात, तेथे आपल्याला जागा आहे.

कारागिरांचे काय? त्यांनाही हाच हिशोब लागू आहे. तयार फोमची गादी मोठ्या दुकानात मिळते, पण जुना कापूस पिंजून, नवी खोळ शिवून दारातच गादी भरून देणारा कारागीर गिऱ्हाइकाचा ठरीव खर्च शून्यावर आणतो. तयार कुर्ता स्वस्त असतो. तो बेतून देणे, बाही आखूड करणे हे काम टेलरचेच. जो टेलर अशी दुरुस्ती परत पाठवितो, तो ईदचे शिवणकामही घालवून बसतो. गोश्त घेताना गिऱ्हाईक भावाइतकेच कोणाच्या हातचे आहे आणि कसे कापून देतो हे पाहते.

एकत्र खरेदी

प्राइस क्लबची मूळ कल्पना, म्हणजे छोट्यांनी मिळून ठोक भाव मिळविणे, आपल्याला परकी नाही. १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांनी अपना बाजार उभा केला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याची मागणी आधी घेते, माल एकत्र खरेदी करते आणि सभासदाच्या घरीच वाटप होते. ग्राहक हे करू शकतात, तर दुकानदारांना अडचण कसली?

अडचण आहे, आणि ती विश्वासाची आहे. आम्ही चार दुकानदारांनी साखर आणि तेल एकत्र आणण्याचा प्रयोग केला. दुसऱ्याच महिन्यात एकाने पैसे आठ दिवस उशिरा दिले आणि उरलेल्यांना त्याचा भार सोसावा लागला. मग नियम केला: पैसे गाडी भरण्याआधी, बिल चौघांना दाखवून, वजन चौघांसमोर. हमाली आणि गाडीभाडे पोत्यामागे वाटून घ्यायचे. ज्याचे पैसे आले नाहीत त्याचा माल त्या फेरीत आणायचा नाही, मग तो सख्खा मामू का असेना. तिसऱ्या महिन्यात माझ्या मामूंचाच माल राहिला. ते चार दिवस बोलले नाहीत. पुढच्या फेरीला सर्वांत आधी पैसे त्यांचे आले.