मालवाहू मोटारीच्या मागील आंसाचें प्रमाण

आपला माल आपल्याच गाडींतून बाजारीं नेणारे शेतकरी आतां गांवोगांव झाले आहेत. पिकअप गाडी घेतांना ते इंजिनाची अश्वशक्ति विचारतात, हौद्याची लांबी टेपनें मोजतात, हप्ता व व्याज यांचा हिशेब तर दोन दोनदां करितात. परंतु मागील आंसांत दडलेला एक आकडा सहसा कोणी विचारीत नाहीं. गाडी चढावर क्लच जाळील कीं नाहीं, सपाट रस्त्यावर डिझेल किती पिईल आणि उतारावर तिला इंजिनाचा आवर कितपत राहील, ह्या तिन्ही गोष्टी पुष्कळ अंशीं त्या आकड्यावर ठरतात.

मागील आंसाच्या मधोमध जो गोल डबा असतो, ज्यास कारागीर डिफरन्शिअल म्हणतात, त्यांत एक मोठें व एक लहान अशीं दोन दांतेरी चक्रें असतात. मोठ्यास क्राऊन व लहानास पिनियन म्हणतात. इंजिनाकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, पिनियनास फिरवितो, पिनियन क्राऊनास फिरवितो व क्राऊनाबरोबर चाकें फिरतात. क्राऊनाच्या दांत्यांस पिनियनाच्या दांत्यांनीं भागिलें असतां जो आकडा येतो तें त्या आंसाचें प्रमाण होय. क्राऊनास ४१ व पिनियनास १० दांते असल्यास प्रमाण ४.१०, पिनियनास ११ असल्यास ३.७३. याचा अर्थ असा कीं, ४.१० च्या आंसावर चाकाची एक फेरी होण्यास दांड्यास चार फेऱ्या व वर एक दशांश फेरी घ्यावी लागते. आकडा जितका मोठा तितका चाकास जोर अधिक, आणि तितकेंच इंजिनास धांवणेंही अधिक. ३.७३ वरून ४.१० वर गेल्यास जोर सुमारें शेंकडा १० नें वाढतो व इंजिनाच्या फेऱ्याही त्याच मानानें वाढतात.

हिशेब वाचकांस घरीं करून पाहतां येईल. चाकाचा घेर २.२ मीटर धरूं. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास बरोबर १,००० मीटर. तेव्हां चाक मिनिटास सुमारें ४५५ फेऱ्या घेतें. गिअरपेटींतून फेऱ्या जशाच्या तशा बाहेर येतात अशा गिअरांत (पांच गिअरांच्या गाडींत हा बहुधा चौथा असतो) ३.७३ च्या आंसावर इंजिन मिनिटास सुमारें १,७०० फेऱ्या घेईल, ४.१० वर १,८६०, आणि ५.३८ वर २,४५०.

हा ५.३८ चा आकडा उगाच घेतलेला नाहीं. विलिसच्या ज्या सीजे-३बी जातीच्या जीपा महिंद्रांच्या कारखान्यांत पुष्कळ वर्षें तयार होत होत्या, त्या जातीचें मूळ प्रमाण हेंच होय. ४३ भागिले ८. इतकें मोठें प्रमाण कां ठेविलें होतें? तर त्या गाडीच्या पेटींत तीनच गिअर असत, व पहिल्या गिअरचें प्रमाण सुमारें २.८० होतें. २.८० गुणिले ५.३८ म्हणजे १५. आतां अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची एफ-१५० ही पिकअप पाहा. तीस २०१७ पासून दहा गिअरांची पेटी मिळूं लागली व तिचा पहिला गिअर ४.७० चा आहे. मागील आंस ३.५५ चा असला, तरी गुणाकार १६.७ येतो, म्हणजे जुन्या जीपहूनही अधिक. यावरून एकट्या आंसाच्या आकड्यावर जाणारा मनुष्य फसेल. पहिला गिअर गुणिले आंस, हा गुणाकार कागदावर मांडूनच दोन गाड्यांची तुलना करावी.

अमेरिकेंत गाडी नोंदवितांनाच ग्राहकास इंजिनाप्रमाणें दोन-तीन प्रमाणांतून निवड करितां येते, व मागें जोडगाडी किती वजनाची ओढावी याचा कंपनीचा आकडाही त्या निवडीबरोबर बदलतो. आपल्याकडे कंपनी ठरवील तें प्रमाण घ्यावें लागतें. तथापि दोन कंपन्यांच्या गाड्यांतून एक घेतांना, जुनी गाडी घेतांना व झिजलेला क्राऊन-पिनियन बदलतांना निवड आपल्याच हातीं येते.

निवड करितांना पहिला प्रश्न हा कीं, आपली गाडी भरलेली असतां चढते कीं उतरते? देवगडचा आंबा कोल्हापुरास न्यावयाचा तर पेट्यांनीं भरलेली गाडी सह्याद्रि चढून येते व रिकामी खालीं जाते. अशा बागायतदारानें मोठ्या प्रमाणाचीच गाडी घ्यावी, व सपाटीवर चार पैशांचें डिझेल अधिक लागलें तरी खंत करूं नये. उलट लासलगांवचा कांदा कसारा घाट उतरून वाशीस जातो. गाडी चढते ती रिकामी. तिला चढासाठीं मोठें प्रमाण लागत नाहीं, मध्यम पुरतें. पण भरल्या गाडीस उतारावर ब्रेकांच्या भरंवशावर सोडणें म्हणजे ते तापवून निकामी करणें होय. ज्या गिअरांत ती भरलेली चढली असती, त्याच गिअरांत उतरवावी. म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवितें. प्रमाण लहान असेल तर आणखी एक गिअर खालीं घ्यावा.

विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीवर कापूस, सोयाबीन वाहणाऱ्यास लहान प्रमाण डिझेलच्या दृष्टीनें सोयीचें. परंतु येथें एक भ्रम सांगितला पाहिजे. लहान प्रमाणानें डिझेल वांचतें तें इंजिन वरच्या गिअरांत ओझें सहज ओढीत असेल तेव्हांच. इंजिन घुसमटून चालकास घडोघडी खालचा गिअर घ्यावा लागला, तर वांचलेलें सर्व तेथेंच जातें. शिवाय काळ्या रानांतून, ओल असतां, भरली गाडी काढावयाची ती पहिल्या गिअरांतच. तो गुणाकार अपुरा पडला कीं अर्धा क्लच दाबून गाडी काढण्याची संवय लागते व क्लच-प्लेट लवकर संपते. ज्याची गाडी रोज शेतांत उतरते, त्यानें सपाट मुलुखांतही लहान प्रमाणाच्या मागें लागूं नये असें माझें मत आहे.

जुनी गाडी घेतांना विकणाराच्या तोंडच्या आकड्यावर विसंबूं नये. मोजल्यावांचून आकडा मांडावयाचा नाहीं ही महसुली दप्तराची शिस्त येथेंही उपयोगी पडते. गाडी कठीण व सपाट जमिनीवर उभी करावी, पुढच्या दोन्ही चाकांस व मागच्या एका चाकास दोहों बाजूंनीं ठोकळे लावावे, मागचें दुसरें चाक जॅकनें उचलून आंसाखालीं भक्कम टेकू द्यावा, गिअर न्यूट्रल करावा व हातब्रेक सोडावा. मग एकानें उचललेलें चाक हातानें बरोबर २० फेऱ्या फिरवावें व दुसऱ्यानें बाजूस राहून दांड्यावर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजाव्या. दुसरें चाक स्थिर असल्यानें क्राऊन निम्म्याच, म्हणजे १० फेऱ्या घेतो. दांड्याच्या ४१ फेऱ्या झाल्यास प्रमाण ४.१०, ३७ हून किंचित् अधिक झाल्यास ३.७३. डबा उघडलेला असेल तर क्राऊनावर दांत्यांचे आकडे बहुधा कोरलेले सांपडतात.

टायरांकडेही पाहावें. मूळ ७० सेंटिमीटर व्यासाच्या जागीं कोणी हौसेनें ७७ सेंटिमीटरचे बसविले असतील, तर ४.१० चा आंस ३.७३ सारखाच वागूं लागतो. अशा गाडीचा चढावरचा जोर गेला म्हणून इंजिन खोलणारे लोक आहेत. वस्तुतः दोष टायरांचा असतो. मोठ्या टायरांवर वेग दाखविणारा कांटाही खऱ्याहून कमी वेग दाखवितो.

मोठ्या प्रमाणानें गाडी अधिक ओढते म्हणून अधिक भरावी, असें मात्र नाहीं. पाटे, ब्रेक, टायर व चौकट हीं पूर्वीचींच राहतात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १९४ व्या कलमांत २०१९ सालीं सुधारणा झाल्यापासून जादा वजनास २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे.

क्राऊन व पिनियन हे कारखान्यांत एकमेकांशीं घासून जुळविलेले असतात. म्हणून बदलतांना जोडीच बदलावी, एकटा पिनियन कधींही घालूं नये. दांत्यांमधील मोकळीक मापानें बसविणाऱ्या कारागिराकडेच हें काम द्यावें. नव्या गाडीची हमी चालू असेतों त्या डब्यास हात लावूं नये. आणि गाडी चारही चाकांनीं ओढणारी असेल, तर पुढील व मागील आंसांचें प्रमाण एकच असलें पाहिजे. एकच आंस बदलून चारही चाकांचा जोड कठीण रस्त्यावर लाविल्यास चक्रें एकमेकांविरुद्ध ओढूं लागतात व पेटी फुटते. तेव्हां अशा गाडीचा खर्च दोन्ही आंसांचा धरूनच कारागिराशीं बोलणें करावें.