पाळी आली म्हणून बॅच बुडवू नकोस

पोरी, तू यवतमाळात पोहण्याची बॅच लावलीस हे ऐकून मला फार आनंद झाला. पण फोनवर तुझी आई पुढे म्हणाली, "मधले पाच दिवस नाही जाणार ती, पाळी असते तिची." ते पाच दिवस मला खटकले. उन्हाळी बॅच असते महिन्याभराची. पहिला आठवडा तर तरंगायचं कसं आणि तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा कसा, एवढ्यातच जातो. ती सवय अंगात मुरू लागते न लागते तोच खंड पडला की गेलेली भीती परत येते. सोबतच्या मुली खोल पाण्याकडे सरकतात, आपण उथळात राहतो, आणि मग "पुढच्या वर्षी पाहू" म्हणून सोडून देतो. अशा कितीतरी मुली मला ठाऊक आहेत.

आमच्या लहानपणी दिग्रसकडे पोरं-पोरी शेतातल्या विहिरीतच पोहायला शिकत. कमरेला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि काठावर काकानं दोर धरायचा. मुलीला पाळी आली की तिची विहीर बंद. आधी कावळा शिवला म्हणून चार दिवस, मग मोठी झाली म्हणून कायमची. पोरं मात्र पोहत राहत. पुढे नदीवर धुणं नेणार कोण, तर ती. अरुणावतीच्या पाण्यातून पलीकडच्या वावरात निंदायला जाणार कोण, तर तीच. जिचा जन्मभर पाण्याशी संबंध, तिलाच पोहता येत नाही. उपकेंद्रात सिस्टर असताना पाय घसरून डोहात गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून हे सगळं नीट सांगते आहे, नीट ऐक.

पहिली गोष्ट, पाण्यात उतरलं की पाळी थांबते, असं मैत्रिणी सांगतील. थांबत नाही. बाहेरून पाण्याचा दाब असतो, म्हणून तेवढा वेळ रक्त बाहेर येत नाही किंवा अगदीच कमी येतं. खोकला आला, हसू आलं, शिडी चढून वर आलीस, की येतं. त्या भरवशावर उतरू नकोस. थंड पाण्यानं रक्त आत गोठतं आणि पुढे मूल होत नाही, असंही कोणी आजी-मावशी म्हणेल. तसं काही होत नाही. पाणी गर्भाशयापर्यंत जात नाही.

पॅड लावून तर मुळीच उतरू नकोस. पॅडला रक्त आणि टँकचं पाणी यांतला फरक कळत नाही. दोन मिनिटांत पाणी पिऊन ते फुगतं, चिकटपट्टी सुटते. कापडाच्या घडीचंही तेच. म्हणजे उरले दोन उपाय, टॅम्पॉन आणि कप.

टॅम्पॉन ही कापसाची आवळलेली लहान गुंडाळी, आत ठेवायची. आपल्या कापसाच्या जिल्ह्यातसुद्धा प्रत्येक मेडिकलमध्ये ती मिळेलच असं नाही, म्हणून आधी मागवून ठेव. सर्वांत लहान आकाराची घे. उतरण्याच्या थोडं आधी बसव, दोरी कॉश्च्यूमच्या आत घे, आणि बाहेर आल्यावर लगेच काढ, कारण दोरीनं पाणी ओढलेलं असतं. आठ तासांच्या वर कधीच ठेवायचं नाही आणि आत आहे हे विसरायचं नाही. एकाएकी मोठा ताप, उलट्या, चक्कर, अंगावर लाल पुरळ असं झालं तर ते काढून तडक दवाखाना गाठ आणि डॉक्टरांना सांग की टॅम्पॉन वापरलं होतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर तासातासाला महत्त्व असतं.

मला विचारशील तर तू कप घे. मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा मऊ पेला तो, वर्षानुवर्षं टिकतो. सबंध पाळीत मिळून जातं किती, तर साधारण 30 ते 40 मिली, दोन-तीन मोठे चमचे. एका कपात वीस-पंचवीस मिली सहज मावतं. मग तासाभराच्या बॅचची काळजी कशाला? बहुतेक कंपन्या बारा तासांपर्यंत ठेवायला सांगतात. 2019 साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात 43 अभ्यास एकत्र करून, सुमारे 3,300 मुली-बायकांचा अनुभव तपासला गेला. गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी निघाली. त्यातच हेही दिसलं की हात बसायला काही महिने जातात. माझा सगळा जोर याच एका गोष्टीवर आहे. कप पहिल्यांदा टँकवरच्या बाथरूममध्ये, बाहेर बायका दार वाजवत असताना बसवायचा नाही. घरी शिकायचा, घाई नसताना.

घरी कसं, तेही सांगते. नखं काप. हात साबणानं धू. भारतीय पद्धतीच्या संडासात बसतो तसं उकिडवं बस, त्यानं वाट मोकळी होते. कप दुमडून, थोडा ओला करून आत सरकव. सरळ वर नाही, पाठीमागे माकडहाडाच्या दिशेनं. श्वास रोखलास तर अंग आवळतं, म्हणून सोडत राहा. आत गेल्यावर बोट फिरवून बघ, पूर्ण उघडला पाहिजे. घडी तशीच राहिली तर तिथूनच गळतो. काढताना दांडी धरून ओढू नकोस, तळाशी चिमटीत दाबून आधी हवा सोडव. हे तुझ्या मोठ्या बहिणीलाही सांग. तिनं तांबी बसवलेली आहे, आणि हवा न सोडवता कप ओढला तर तांबी सरकू शकते. तिनं डॉक्टरांना विचारूनच वापरावा. तू मात्र लहान आकाराचा घे. पहिल्या पाळीत सोबत पॅडही लाव. डाग पडत नाही असं दिसलं की पुढच्या पाळीत टँकवर जा.

पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप पाच-दहा मिनिटं उकळायचा. त्याचं भांडं वेगळं ठेव. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तोच कपावरही बसतो. क्षार काढलेलं, आरओचं पाणी वापर.

तुझी आई "पडद्याचं काय?" म्हणेल, मला माहीत आहे. तिला माझं नाव सांग. तो पडदा बंद दार नसतो, त्याला जागा असते म्हणून तर पाळी बाहेर येते. तो ताणला जातो, कुणाचा खेळताना, सायकल चालवतानाही. त्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. तरीही तुलाच आत काही घालावंसं वाटत नसेल, तर तुझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, माझीही नाही. मग जास्त जाण्याचे पहिले दोन दिवस काठावर बसून सर काय सांगतात ते बघ. घरी मोठ्या घमेल्यात पाणी भर, तोंड बुडवून बुडबुडे काढ, मान वळवून श्वास घे. नवशिकीचा अर्धा अभ्यास एवढाच असतो. शेवटच्या, अगदी थेंबभर जाण्याच्या दिवसांसाठी पाळीचे खास पोहण्याचे कपडे ऑनलाइन मिळतात; जास्त जाण्याच्या दिवशी त्यांचा भरवसा धरू नकोस.

टँकवर जाताना गडद रंगाचा, मांडी झाकणारा कॉश्च्यूम घाल. गडद टॉवेल शिडीपाशी ठेव, बाहेर आल्या आल्या कमरेला गुंडाळ आणि बाथरूममध्ये जा. पिशवीत कोरडी चड्डी, पॅड आणि कागदी पिशवी असू दे. उपाशी पोटी उतरू नकोस, फुटाणे-गूळ नाहीतर केळं खाऊन जा. पोटात कळ आली तर उथळात ये, भिंत धर. सर पुरुष असले तरी संकोच करू नकोस, "आज पाळी आहे, मी खोल पाण्यात जात नाही" एवढं पुरे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनच्या फू युआनहुईनं पोहण्याच्या रिले शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की काल रात्री पाळी आली, म्हणून अंगात त्राण नव्हतं. जगानं ते ऐकलं. तुझ्या सरांनाही ऐकता येईल.

विहीर, कालवा, पैनगंगेचं पात्र, इथे मात्र पाळीत जाऊ नकोस. खरं तर नीट पोहता येईपर्यंत कधीच नको. विटाळ म्हणून नव्हे. तिथे धरायला भिंत नसते, शिडी नसते, आणि कळ आली की नवशिकीचा श्वास चुकतो.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. आपल्या विदर्भात बऱ्याच घरांत सिकलसेल आहे. तुझी तपासणी झाली आहे की नाही, मला आठवत नाही. झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घे, पैसे लागत नाहीत. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली, निघाली तर थंड पाणी, दमणूक आणि अंगातलं पाणी कमी होणं, या तिन्ही गोष्टींनी हाडं-सांधे धरणाऱ्या असह्य वेदना सुरू होऊ शकतात. कित्येकींना त्या पाळीच्या दिवसांतच उठतात. पहाटेच्या बॅचला एप्रिलमध्येही पाणी गार असतं. तशा मुलीनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. उतरली तर ऊन चढल्यावरची बॅच घ्यावी, थोडाच वेळ पोहावं, बाहेर येताच अंग कोरडं करावं आणि भरपूर पाणी प्यावं.

रक्त कमी असण्याचंही तसंच. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायची, ती तुम्ही पोरी खिडकीबाहेर टाकायच्या. दोन हात मारले की धाप लागते, जिना चढताना छाती धडधडते, असं असेल तर आधी हिमोग्लोबिन तपास. तास-दोन तासांत पॅड भरतं, मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांवर पाळी लांबते, नाहीतर दुखण्यानं अंथरूण सोडवत नाही, असं दर महिन्याला होत असेल तर ते सोसायचं नसतं. यवतमाळच्या वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागाची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन चिठ्ठी काढ. एकटीला जावंसं वाटलं नाही तर मला फोन कर, मी एसटीनं येते.